लेआउटच्या खाली बघा

मॉडेल रेल्वे क्लबचे फोटो बघून फारसं काही कळत नाही. लेआउट, म्हणजे फळ्यांवर मांडलेली छोटी रेल्वे; त्यावरचे डोंगर, बोगदे, पुलावरून जाणारी मालगाडी हे सगळं फोटोत झकास दिसतं. ती मालगाडी पूल ओलांडल्यावर पुढच्या सांध्यावर, म्हणजे रूळ जिथे फाटतात तिथे, घसरली का, आणि घसरली तर कोणी काय केलं, हे मात्र फोटोत येत नाही. नव्या शहरात क्लब शोधणाऱ्याला नेमकं तेच माहीत हवं असतं.

शोधाला लागण्याआधी आपल्याला काय हवंय ते ठरवलेलं बरं, कारण ‘क्लब’ या एका नावाखाली तीन वेगळे प्रकार नांदतात. पहिला कायमच्या लेआउटचा. भाड्याची किंवा मालकीची जागा, वर्षानुवर्षं वाढत गेलेला लेआउट आणि ठरलेल्या वारी कामाची संध्याकाळ. लंडनचा ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० साली सुरू झाला आणि अजून चालू आहे. हा प्रकार तेवढा जुना. दुसरा मॉड्यूलवाल्यांचा. प्रत्येकाच्या घरी लेआउटचा एकेक तुकडा, आणि वर्षातून काही वेळा एखाद्या सभागृहात ते सगळे जोडून एक लांबलचक मार्ग. तिसऱ्या प्रकाराला पाटीच नसते. घरात लेआउट असलेले आठ-दहा जण आळीपाळीने एकमेकांकडे जमतात आणि गाड्या चालवतात. हे लोक स्वतःची जाहिरात करत नाहीत, आणि त्यात शिष्टपणा काही नाही. अनोळखी माणसाला घरात घ्यायचं असतं, तेव्हा ओळखीतूनच येऊ देतात.

घर भाड्याचं असेल आणि दोन वर्षांत पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल, तर माझा कौल मॉड्यूलला. कायमच्या लेआउटवर दोन वर्षं खपून केलेलं काम तिथेच राहतं. मॉड्यूल ट्रकमध्ये चढतं. उलट सांधे बसवणं, वायरिंग, सिग्नल यातलं काही शिकायचं असेल तर कायमचा लेआउट बरा. मॉड्यूलवर तुम्ही तुमच्यापुरतंच शिकता, मोठ्या लेआउटवर दुसऱ्याने केलेल्या चुका दुरुस्त करता करता शिकता. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या मॉडेल रेल्वे क्लबात एक गट दृश्यं रंगवायचा आणि दुसरा लेआउटच्या खाली टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडत बसायचा. संगणकाच्या इतिहासात नाव झालं ते खाली बसलेल्यांचं.

शोधायच्या जागा थोड्याच. छंदवस्तूंच्या दुकानातला काउंटरमागचा माणूस, तुमच्या देशातल्या मॉडेल रेल्वे संघटनेची विभागीय शाखा, आणि प्रदर्शनं. यात प्रदर्शन सर्वांत कामाचं, पण वेळ साधायला हवी. गर्दीच्या वेळी सभासद मुलांची बोटं रुळांपासून दूर ठेवण्यात गुंतलेले असतात. त्यापेक्षा शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला जा. आवराआवर सुरू झाली की उचलायला हात कमीच पडतात. ‘कुठलं टोक धरू?’ असं विचारणारा माणूस अर्ध्या तासात सगळ्यांना माहीत होतो. आणि ‘सभासद कसं व्हायचं?’ असं विचारण्यापेक्षा ‘कामाची संध्याकाळ कधी असते?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला छापील अर्ज मिळतो, दुसऱ्याला बोलावणं. पाटी नसलेल्या गटाचा पत्ताही बहुधा इथेच, फळ्या उचलता उचलता लागतो.

पत्र किंवा मेल लिहिणार असाल तर तीन गोष्टी पुरतात: तुमचं स्केल (खऱ्याच्या तुलनेत लहान करण्याचं प्रमाण) कोणतं, गाड्या डीसीवर चालतात (रुळातल्या विजेनेच वेग ठरतो) की डीसीसीवर (प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल संकेत जातात), आणि हाताला काय येतं. सुतारकाम येतं, सोल्डरिंग येतं, झाडं चांगली होतात, यातलं एक जरी लिहिलं तरी उत्तर लवकर येतं. संग्रहात किती इंजिनं आहेत ते लिहू नका.

स्केल आणि गेज (दोन रुळांमधलं अंतर) या दोन वेगळ्या गोष्टी, आणि नव्या गावात त्यांचा घोळ फार होतो. एचओ म्हणजे १:८७, ओओ म्हणजे १:७६. दोन्हींचे रूळ मात्र १६.५ मिमी अंतराचेच. त्यामुळे ओओची गाडी एचओच्या लेआउटवर आरामात पळते, फक्त फलाटाला घासते आणि शेजारच्या डब्यापुढे धिप्पाड दिसते. एनचे रूळ ९ मिमीचे, पण स्केल युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानी मॉडेलांत बहुधा १:१५०. क्लब ‘आम्ही एन’ म्हणाला म्हणजे सगळं जुळलं असं नाही. आणखी एक गंमत मार्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन-वाही पद्धतीची (रुळांच्या मधे विजेसाठी तिसरा वाहक). तिथे दोन्ही रूळ एकाच वायरला जोडलेले असतात, त्यामुळे आसाच्या दोन चाकांमध्ये विद्युतरोधन नसतं. असा एक निरुपद्रवी डबा दोन रुळांच्या लेआउटवर ठेवला, की चाकं रूळ शॉर्ट करतात आणि आख्खा विभाग बंद पडतो. मग नव्या पाहुण्याकडे सगळे वळून बघतात.

पहिली भेट कामाच्या संध्याकाळचीच असावी. लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या दिवशी लेआउट नटलेला असतो. कामाच्या दिवशी टॉर्च घेऊन जा, परवानगी विचारा आणि खाली वाका. मुख्य वायरी किती जाड आहेत ते बघा. मोठ्या एचओ लेआउटला साधारण २ चौ. मिमीची तांब्याची वायर हवी, आणि तिच्यातून थोड्या थोड्या अंतरावर रुळांना बारीक वायरी गेलेल्या असाव्यात. वीज नुसत्या रूळ-जोडण्यांवर सोडलेली असेल तर दोन-तीन वर्षांत त्या गंजतात, सैल होतात आणि गाडी दूरच्या टोकाला मंदावते. वायरींवर चिठ्ठ्या आहेत का? रंग ठरलेले आहेत का? चिठ्ठी नसलेला जाळं झालेला गुंता दिसला, तर तो ज्याने घातला तो सभासद अजून क्लबात आहे का, एवढं हळूच विचारा. नसेल तर त्या गुंत्याचे पुढचे वारसदार तुम्ही.

डीसीसीच्या लेआउटवर नाण्याची चाचणी करतात का, तेही विचारण्यासारखं. रुळांवर जागोजागी नाणं आडवं टाकायचं. प्रत्येक ठिकाणी बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने, लगेच वीज तोडली पाहिजे. नाणं ठेवूनही वीज चालूच राहिली तर वायरींचा रोध जास्त आहे. खरोखरचा शॉर्ट झाला की तिथून काही अँपिअर वाहत राहतात, आणि आधी वितळते ती डब्याच्या बोगीची, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्याची, प्लास्टिकची चौकट. ज्या क्लबात ही चाचणी कोणाला नवी वाटत नाही, तिथे इंजिन न्यायला हरकत नाही.

आता वर बघा. गाडी घसरण्याची जागा प्रत्येक लेआउटवर असतेच. ती घसरते तेव्हा काय होतं, हे बघायचं. एक क्लब म्हणतो, ‘इथे जरा हळू घ्या,’ आणि बोटाने डबा ढकलून पुढे जातो. दुसऱ्या क्लबात कोणीतरी खिशातून गेज (चाकं आणि रूळ तपासायचं माप) काढतं, आधी डब्याची चाकं मोजतं, मग सांधा मोजतं, आणि दोष रुळाचा असेल तर तिथे रंगीत चिठ्ठी लावतं. नंतर कामाच्या दिवशी ती चिठ्ठी बघून कोणीतरी खाली बसतं. दृश्यं कितीही साधी असली तरी हा दुसरा क्लब धरून ठेवावा.

हे मोजमापाचं वेड उगीच आलेलं नाही. अमेरिकेतली एनएमआरए ही संघटना १९३५ साली मिलवॉकीत स्थापन झाली, ती याच अडचणीतून: एका कारखान्याची चाकं दुसऱ्याच्या रुळांवर चालत नव्हती. युरोपात मोरोप ही संघटना १९५४ पासून एनईएम या तिथल्या मानकांचं काम बघते. म्हणजे एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालावा, एवढ्यासाठी दोन खंडांत संघटना उभ्या राहिल्या. क्लबातही रोज तेच चाललेलं असतं. तेव्हा पहिल्यांदा स्वतःची गाडी नेताना ती दुसऱ्याच्या रुळांसाठी तयार करून न्यायची.

दहा वाघिणी नेण्यापेक्षा चार न्या, पण चारही तपासलेल्या. पहिली तपासणी चाकांची. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओमध्ये सुमारे १४.४ मिमी असावं. एनएमआरएचं पत्र्याचं गेज असेल तर मोजण्याचीही गरज नाही. चाकांच्या कडा गेजच्या खाचांत अलगद बसल्या की झालं. हे अंतर कमी असेल तर सांध्यावर चाकाची आतली बाजू चेक रेलला (चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या आतल्या रुळाला) अडते आणि चाक वर चढतं. जास्त असेल तर चेक रेल त्या आसाला पुरेसं ओढून धरत नाही आणि समोरच्या चाकाची कड फ्रॉगच्या, म्हणजे दोन रूळ छेदतात त्या भागाच्या, टोकावर आपटते. प्लास्टिकच्या आसावर चाक नुसतं दाबून बसवलेलं असतं. दोन्ही चाकं दोन हातांत धरून किंचित पिळत आत-बाहेर सरकवायची. ओढून काढायला गेलात तर चाक वाकडं बसतं आणि डबा पुढे जन्मभर डुलत चालतो.

दुसरी तपासणी वजनाची. एनएमआरएची शिफारस एचओसाठी अशी: डबा म्हणून १ औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. म्हणजे १५ सेंमीची वाघीण सुमारे ११२ ग्रॅमची हवी. बाजारातून आलेली रिकामी वाघीण बऱ्याचदा याच्या बरीच खाली भरते. घरच्या लहान लेआउटवर तिचं काही बिघडत नाही. क्लबच्या लेआउटवर तीस डब्यांच्या गाडीत ती पुढून पाचवी लागली, आणि गाडी वळणावर चढ चढू लागली, की मागच्या पंचवीस डब्यांची ओढ तिला सरळ आतल्या बाजूला आडवी करते. वजन आत, तळाशी, दोन बोग्यांच्या मधोमध चिकटवायचं. छताला चिकटवलेलं वजन नसल्यापेक्षा वाईट. शिशाचे तुकडे वापरत असाल तर ते पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. त्या दोघांची रासायनिक क्रिया होऊन शिसं फुगतं आणि काही वर्षांनी बॉयलर किंवा डब्याची भिंत तडकते.

बोगीच्या स्क्रूकडे कोणी बघत नाही, आणि बऱ्याच घसरण्या तिथून सुरू होतात. दोन्ही स्क्रू गच्च आवळले तर डबा टेबलासारखा चार पायांवर उभा राहतो. रूळ जरा पिळलेला असला की एक चाक हवेत जातं. एक बोगी अशी आवळायची की ती फक्त वळेल, डुलणार नाही. दुसरी इतकी सैल की वळेलही आणि डावी-उजवीकडे डुलेलही. मग डबा तीन बिंदूंवर उभा राहतो आणि वाईट रूळही निभावून नेतो.

कपलरची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याची, उंची त्यासाठीच्या वेगळ्या गेजवर बघा. गेज रुळावर उभा करायचा, डबा त्याला भिडवायचा. दोन कपलर समोरासमोर एका पातळीत आले पाहिजेत. खाली लोंबत असेल तर बोगीवर पातळ वॉशर घालून डबा उचलायचा. कपलरच्या खालची वाकडी तार सांध्याला अडकत असेल तर पकडीने अर्धा मिलिमीटर वर वाकवायची. तेल मात्र कपलरला कधी घालायचं नाही, धूळ धरतं. ग्राफाइटची चिमूटभर पूड पुरे.

इंजिनाची तयारी डीसीसीवर ठरते. डीसीसीचे संकेत सगळ्यांचे सारखे असतात, म्हणून तुमचं इंजिन कुठल्याही डीसीसी क्लबात चालतं. हातातला थ्रॉटल (गाडी चालवायचं यंत्र) मात्र चालेलच असं नाही. डिजिट्रॅक्स कंपनीचा लोकोनेट आणि लेन्झ कंपनीचा एक्स्प्रेसनेट या वेगळ्या भाषा आहेत. एकाचा थ्रॉटल दुसऱ्यात खोचून काही होत नाही. बऱ्याच क्लबांनी यावर जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर आणि फोनवरच्या थ्रॉटलचा उपाय काढलाय. तेव्हा नवा थ्रॉटल घेण्याआधी क्लबात कोणती पद्धत आहे ते विचारा. मी म्हणेन, पहिले काही महिने घेऊच नका.

इंजिनाचा पत्ता, म्हणजे डीसीसीतला त्याचा क्रमांक, बदलायला मात्र विसरू नका. नवं डीसीसी इंजिन ३ या पत्त्यावर येतं. क्लबच्या लेआउटवर ३ असलेली दोन इंजिनं उभी असतील तर तुम्ही एक चालवलं की दुसरंही निघतं, तेही बोगद्यातून. इंजिनावर रंगवलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पत्ता म्हणून द्यायची रीत बहुतेक ठिकाणी आहे. तरी दुसऱ्या कोणाचा तोच क्रमांक नाही ना, यासाठी क्लबची यादी बघा. आणि हा बदल घरी किंवा वेगळ्या प्रोग्रॅमिंग रुळावर करायचा. छोट्या सेटमध्ये मुख्य रूळ आणि प्रोग्रॅमिंग रूळ एकाच आउटपुटवर असतात. तिथे चालू लेआउटवर पत्ता लिहायला घेतला तर रुळावरची सगळी इंजिनं तो पत्ता घेतात, आणि मग एकेक उचलून पुन्हा बारसं.

पहिल्या संध्याकाळी थ्रॉटल हातात मिळेलच असं नाही. काही गट वेळापत्रकाने गाड्या चालवतात. घड्याळ चौपट वेगाने पळतं, तास पंधरा मिनिटांत संपतो. डिस्पॅचर वाट मोकळी देतो, यार्डमास्तर वाघिणी लावतो, प्रत्येक वाघिणीची चिठ्ठी तिला कुठे जायचंय ते सांगते. नव्या माणसाला बहुधा जुन्या ड्रायव्हरच्या जोडीला देतात. एकाने पुढे बघत गाडी चालवायची, दुसऱ्याने चिठ्ठ्या सांभाळायच्या. यार्ड मागू नका. यार्डमध्ये दिसायला गाडी हलत नाही, पण आख्ख्या लेआउटची कोंडी तिथूनच होते.

वर्गणी, किल्ली कोणाला मिळते, उमेदवारीचा काळ किती, आगीचा विमा आहे का, हे विचारून घ्यावं; लाजण्यासारखं त्यात काही नाही. क्लब बंद पडला तर तुमची मालमत्ता कुठली आणि क्लबची कुठली, हे लेखी असेल तर उत्तम. इंजिनांच्या खाली तुमच्या खुणेचा रंगाचा ठिपका द्या. सारखे दिसणारे दोन डबे एका यार्डात गेले की ओळखायचे कसे?

आणि शहरात क्लबच नसेल तर? तेव्हा लेआउटपेक्षा जोड आधी ठरवायचा, कारण पुढे कोणी सापडलाच तर तो जोडानेच जोडला जाणार. मॉड्यूलची मानकं याच तत्त्वावर चालतात: मधे काय हवं ते करा, टोकं आमच्या मापाने. एन स्केलचं एन्‌ट्रॅक हे मानक १९७३ साली सुरू झालं तेव्हापासून हीच कल्पना. तीन मुख्य रूळ, ठरलेली उंची, ठरलेली अंतरं. जर्मनीतल्या फ्रेमो या गटाच्या एचओ मानकात रुळाची उंची जमिनीपासून १.३ मीटर, अमेरिकेतल्या फ्री-मो मानकात ५० इंच. पण तेवढ्या उंचीला पाय, पायांना आधार, आणि न्यायला गाडी लागते.

लहान घरात टी-ट्रॅक सोपं. हे एन स्केलचं, जपानमधून आलेलं. मॉड्यूल टेबलावर ठेवायचं, पायांची भानगड नाही. एका मॉड्यूलला प्लायची ३०८ मिमी लांबीची खोकी पुरते. तिच्यावर काटो कंपनीच्या युनिट्रॅक या तयार रुळांच्या दोन समांतर ओळी, दोन्हींच्या मधल्या रेषांत ३३ मिमी अंतर, आणि रूळ ३१० मिमीचा. म्हणजे दोन्ही टोकांना रूळ लाकडापेक्षा एकेक मिलिमीटर बाहेर येतो. हा एक मिलिमीटर फार महत्त्वाचा. लाकूड पावसाळ्यात फुगलं तरी रूळ आधी भिडतात, लाकूड नंतर. खोकी ३१० मिमीची कापली की शेजारचं मॉड्यूल लाकडालाच टेकतं, रुळांची जोडणी अर्धवट बसते आणि गाडी तिथे टणकन उडते. खाली चार कोपऱ्यांत फिरवता येणारे बोल्ट बसवा; उंची किमान ७० मिमी, आणि तिथून वर १०० मिमीपर्यंत उचलता यायला हवी, कारण कुठल्याच सभागृहातली दोन टेबलं सारख्या उंचीची नसतात.

एक सरळ मॉड्यूल झालं की दुसरं सरळ करू नका. चार कोपरे करून ठेवा. सरळ तुकडे सगळ्यांकडे असतात, हौसेने केलेले. कोपरे करायला कोणी राजी नसतं, त्यांचे फोटो चांगले येत नाहीत. पण चार कोपऱ्यांशिवाय गोल पुरा होत नाही. ज्याच्याकडे कोपरे आहेत त्याला फोन येतोच.